बिनभांडवली दुकानाचा प्रारंभिक खर्च

ज्या धंद्याला भांडवल लागतं, तो माणूस विचार करून सुरू करतो. ज्याला भांडवल लागत नाही, त्याला विचारही लागत नाही. म्हणून दुसऱ्या प्रकारचे धंदे संख्येने जास्त आहेत आणि त्यांना येणारा खर्चही जास्त आहे. हे मत नसून अनुभव आहे, आणि पावत्या फाइलला लावलेल्या आहेत.

या धंद्याला ड्रॉपशिपिंग म्हणतात. ज्यांनी तो केलेला नाही अशा सुदैवी वाचकांसाठी खुलासा: आपण इंटरनेटवर दुकान उघडायचं. दुकानात माल नसतो, मालाचे फोटो असतात. गिऱ्हाइकाने फोटो पसंत करून पैसे भरले की आपण दूरदेशीच्या पुरवठादाराला कळवायचं, त्याने माल परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी धाडायचा आणि मधला फरक आपण ठेवायचा. माल आपण बघत नाही, पुरवठादाराला आपण बघत नाही आणि गिऱ्हाईक आपल्याला बघत नाही. (शेवटची तरतूद आपल्या संरक्षणासाठी आहे.)

मी विमा कंपनीत चोवीस वर्षं दाव्यांची छाननी करतो. पावतीवरच्या तारखेची शाई वेगळी दिसली म्हणून मी विधवांचे दावे परत पाठवलेले आहेत. असा माणूस फसणं शक्य नाही, असं माझं ठाम मत होतं. 'शून्य गुंतवणुकीत स्वतःचं दुकान' ही ओळ वाचताना ते मत फार उपयोगी पडलं.

आता शून्य गुंतवणुकीसाठी पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न उरला. घरात एकच शिल्लक होती, बायकोच्या दाढेची. तिची उजवीकडची खालची दाढ निम्मी तुटली होती. मुळाचं काम करून वर टोपी बसवायला दंतवैद्याने अठरा हजार सांगितले होते, आणि ते तिने वर्षभर थोडे थोडे करून कपाटातल्या लिफाफ्यात जमवले होते. लिफाफ्यावर ठळक अक्षरांत 'दाढ' असं लिहिलं होतं. म्हणजे अनवधानाने हात लागला, असंही म्हणायची सोय नव्हती.

"दोन महिन्यांत सोन्याची दाढ बसवू," मी म्हणालो.

"सोन्याची नको. चावता येईल अशी हवी," ती म्हणाली. "आणि विकणार काय तुम्ही?"

"ते अजून ठरायचंय."

"मग अडलंय कुठे."

तिने लिफाफा काढून दिला. का दिला, याची मी चौकशी केली नाही. दावेदार गप्प बसला की फाइल लवकर बंद होते, हे मला नोकरीने शिकवलं आहे.

खर्चाचा तपशील पुढीलप्रमाणे:

मार्गदर्शन वर्ग, चार हजार. (मार्गदर्शकाचं वय बावीस. 'तुम्ही स्वतः काय विकता?' असं विचारल्यावर 'हा वर्ग' असं प्रामाणिक उत्तर मिळालं.)

दुकानाचं इंटरनेटवरचं नाव, अकराशे. पहिली एकतीस नावं आधीच कोणीतरी घेतलेली होती. बत्तिसावं मिळालं. ते कोणाला उच्चारता येत नाही.

लोगो, अडीच हजार. त्यात एक बाण वर जातो. (मूळ दरात तो आडवा होता.)

फिरती खुर्ची, कमरेला आधारासह, सहा हजार दोनशे. उद्योजकाने ताठ बसावं, असं वर्गात सांगितलं होतं. कशावर, ते सांगितलं नव्हतं. तो निर्णय सर्वस्वी माझा.

जाहिरात, चार हजार दोनशे. या जाहिरातीवर कोणी बोट लावलं की दर बोटामागे आपले पैसे कापले जातात. एकूण तीनशे चौदा बोटं लागली आणि त्यांतली तीनशे नातेवाइकांची होती. मेहुण्याने स्वतःहून फोन केला.

"भाऊजी, मी रोज वीस वेळा उघडतोय. तुमचा आकडा हलला पाहिजे ना."

"अरे, जाहिरातीवरून उघडू नकोस. दर वेळी माझे पैसे जातात."

"आधी नाही का सांगायचं? मी आख्ख्या ऑफिसला कामाला लावलंय."

उरलेल्या चौदांपैकी एकाने खरेदी केली. लेकीच्या सल्ल्याने आम्ही मांजराच्या आकाराचा दिवा ठेवला होता, टाळी वाजवली की लागणारा. गिऱ्हाईक एक निवृत्त ग्रंथपाल. दिवा एकेचाळीस दिवसांनी पोचला आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"तुमचा दिवा खोकल्यानेही लागतो. मला दमा आहे."

"मग बंदही होत असेल."

"होतो. परत लागतो."

मी सवयीने दावा फेटाळला: दमा खरेदीपूर्वीपासूनचा होता. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला, ग्रंथपालांची माफी मागितली आणि घरखर्चातून पैसे परत केले. दिवा परत मागवायला दिव्यापेक्षा जास्त खर्च येत होता, म्हणून तो त्यांच्याकडेच राहिला. समोरच्या इमारतीतला त्यांचा मुलगा हल्ली खिडकीतून बघून खोकल्याची मोजदाद ठेवतो. डॉक्टर समाधानी आहेत. आमच्या दुकानाचा हा एकमेव ज्ञात लाभार्थी.

यात सात महिने गेले. बायको सगळं मऊ, कुस्करून, एका बाजूने खात होती. मग दंतवैद्याने सांगितलं की पंधरा दिवसांत काम झालं नाही, तर दाढ काढून टाकावी लागेल. मी खुर्चीत ताठ बसून यावर सखोल विचार केला. नवव्या दिवशी बायकोने मला खुर्चीतून उठवलं, खुर्चीचा फोटो काढला आणि मोबाइलवर जाहिरात टाकली: 'ऑनलाइन दुकान सुरू करण्याचं संपूर्ण साहित्य विकणे आहे. खुर्ची, वर्गाच्या वह्या, नाव, लोगो. किंमत अठरा हजार.'

तासाभरात तेवीस फोन आले. तिच्या जाहिरातीवर एक पैसाही खर्च झाला नव्हता. पहिले येऊन पोचले ते एका शाळेतले गणिताचे शिक्षक.

"किती माल विकला गेला?" त्यांनी विचारलं.

"एक दिवा," बायको म्हणाली. "तोही अंगाशी आला."

"ताई, साहेबांचं कुठे चुकलं ते मला दिसतंय. बाण फार उभा आहे."

"घरी विचारलंय ना तुम्ही?"

"फायदा झाला की सांगणार."

बायकोने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, गालावर हात ठेवला आणि पैसे मोजून घेतले. शिक्षक खुर्ची डोक्यावर घेऊन जिना उतरले. चार दिवसांनी दाढेवर टोपी बसली. पहिल्या जेवणाला ती बराच वेळ, आवाज करून चावत होती.

इथवर वाचताना तुम्ही मनातल्या मनात खुर्ची वजा केली आहे. लोगोही केला आहे. नातेवाइकांची तीनशे बोटं वगळली आहेत, दिव्याऐवजी काहीतरी शहाणपणाचं ठेवलं आहे, आणि हे सगळं सव्वापाच हजारांत बसतं या निष्कर्षाला तुम्ही आला आहात. वजाबाकी बरोबर आहे, मी तपासली. मीही एका गृहस्थाचा असाच लेख वाचला होता. त्यांचे पस्तीस हजार बुडाले होते. त्यातला मूर्खपणा मी ओळीओळीने वजा केला, तेव्हा बरोबर अठरा हजार उरले.