गुरांचा डॉक्टर उसना देण्याबाबत

गरज सगळ्यांनाच पडते, आणि ज्याला पडते तो शेजारी जातो. घरातलं विरजण संपलं की आपण वाटी घेऊन पलीकडे जातो. सरकारी खात्यातला माणूस संपला की खातं पत्र घेऊन पलीकडच्या खात्यात जातं. यालाच 'सेवा उसनवार तत्त्वावर देणे' म्हणतात. (विरजण कोणी परत करत नाही. माणसाचंही बहुधा तसंच होतं.)

कठीण वाटलं तर घाबरू नका. उदाहरण घेऊ.

कुहीजवळच्या एका गावातल्या गुरांच्या दवाखान्यात शालिकराम नावाचे डॉक्टर होते. नागपूरच्या एका क्रीडा कार्यालयाला कुस्त्यांसाठी पैलवानांची वजनं करणारा माणूस हवा होता. डॉक्टरांना बैलांचा अनुभव होता, तेव्हा निवड गुणवत्तेवरच झाली. दवाखाना ओस पडू नये म्हणून जमीन मोजणी खात्याने आपले गिरिधरभाऊ उसने दिले. एकही खुर्ची रिकामी राहिली नाही. (मोजणी खात्यातली राहिली होती, तिथे आता ग्रंथालयाचा शिपाई बसतो.)

अशात यमुताईंनी अडलेली म्हैस दवाखान्याच्या अंगणात आणली. पहिलंच वेत, पारडू आडवं. गिरिधरभाऊंनी वेळ न दवडता फीत काढली आणि म्हशीची चतुःसीमा लिहिली: पूर्वेस शिंगे, पश्चिमेस शेपूट, दक्षिणेस यमुताई, उत्तरेस शेणाचा खड्डा.

"काहून मोजून राहिले गा? मरंल ना ते!" यमुताई ओरडल्या.

"ताई, तिले एका जागी उभी करा. हद्द हालून राहिली."

यमुताईंनी डॉक्टरांना फोन लावला.

"मले समजते यमुताई," डॉक्टर म्हणाले, "पण मी आता पैलवानाइचा माणूस. म्हशीले हात लावाले इथल्या साहेबाची परवानगी पाह्यजे."

तेव्हा पशुसंवर्धन खात्याने देखणा तोडगा काढला. आपलाच डॉक्टर एका दुपारपुरता उसना मागितला. क्रीडा कार्यालयाने मोठ्या मनाने होकार दिला, फक्त बदल्यात एक माणूस मागितला. दवाखान्यात तेव्हा एकच जादा माणूस होता. यमुताईंनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि क्रीडा कार्यालयाच्या जीपमध्ये बसल्या.

डॉक्टर आले, बाह्या सारल्या, पारडू सरळ केलं. दोन्ही जीव सुखरूप. (अहवालात हे बाळंतपण क्रीडा कार्यालयाच्या नावे लागलं. डॉक्टर त्यांचे होते ना.)

अडचण एवढीच की यमुताई परत आल्या नाहीत. पैलवान त्यांच्या धाकात राहतात, म्हणून त्यांना मुदतवाढ मिळाली. इकडे म्हैस दुसऱ्या कोणाला धारेला बसू देत नाही. यमुताईंचे यजमान रुपराव लंगडत कार्यालयात जाऊन आले.

"बायको वापस मांगतली त म्हणते, अर्ज मूळ विभागाकडून आणा. म्हटलं, मूळ विभाग मीच आहो!"

आता धार काढायला कोणीतरी उसनं द्यायलाच हवं. खात्याने शांतपणे विचार केला. तुम्ही हातातलं काम टाकून इतका वेळ हे वाचत बसलात आणि तुम्हाला कोणी एक हाकसुद्धा मारली नाही. म्हणजे तुमच्या मूळ जागी तुमच्यावाचून काही अडत नाही. आदेश निघाला आहे. उद्या पहाटे गोठ्यात रुजू व्हा.

ती डाव्या पायाने मारते.