कुंटे पडले की आठ सेकंद

सुलभा कुंटे यांनी खेळात तीन वर्षं जिवंत ठेवलेला योद्धा तीस दिवसांच्या रजेवर कॉम्प्युटरमधून बाहेर आला आणि त्यांच्याच घरी उतरला. शनिवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. सुलभाबाईंचे हात कणकेत होते, म्हणून दार विद्याधर कुंट्यांनी उघडलं.

दारात सात फुटी माणूस उभा होता. अंगात चिलखत, पाठीला ढाल आणि भाला, हातात रजेचा मंजूर अर्ज. डोक्याच्या चार बोटं वर हवेत एक हिरवी पट्टी तरंगत होती आणि तिच्यावर त्र्याण्णव असा आकडा होता.

"वैद्यबाई आहेत का?" त्याने अदबीने विचारलं.

"इथे वैद्य कोणी नाही," कुंटे म्हणाले. "खाली डॉक्टर आहेत, पण ते आता संध्याकाळी येतील."

तेवढ्यात सुलभाबाई कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या. "अरे वज्रबाहू! ये, ये. आणि त्र्याण्णव का रे? जिने चढून आलास? लिफ्ट होती की."

कुंट्यांनी दार लावून घेतलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि त्यात सुलभाबाईंनी त्यांना एकदाही 'अरे' म्हटलं नव्हतं. 'अहो' म्हणत, तेही बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून. हा माणूस तीन मिनिटांपूर्वी घरात आला होता, आणि तो किती जिने चढला याचीसुद्धा चौकशी झाली होती.

कुंटे दूध संघाच्या प्रयोगशाळेत होते. आलेल्या दुधात फॅट किती, पाणी किती, हे बघायचं त्यांचं काम. एखादी गोष्ट पातळ झाली की त्यांना लगेच कळे. सुलभाबाई एका शाळेच्या ग्रंथालयात होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने बसून काढावे लागले तेव्हा त्यांनी हा 'अष्टदुर्ग' नावाचा खेळ सुरू केला, आणि गुडघा बरा झाल्यावरही सोडला नाही. दर रविवारी चार वाजता निरनिराळ्या गावांतली माणसं मिळून पाच जणांचा गट जमे. वज्रबाहू मात्र कोणा माणसाचा नव्हता, तो खेळाचाच होता, कायम नोकरीत. तो पुढे उभा राहून मार खाई. त्या जागेला टँक म्हणतात. तिघं मागून हल्ला करत. आणि सुलभाबाई हीलर होत्या, म्हणजे ज्याची पट्टी उतरेल त्याची चढवायची.

वज्रबाहू घरात फार त्रास न देता राहू लागला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्याचं नाव रजिस्टरमध्ये लिहून घेतलं आणि भाला लिफ्टमधून आडवा न्यायचा नाही एवढीच ताकीद दिली. सकाळी तो वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घाली. जेवताना कमी बोले. सुलभाबाई पोळी वाढताना आधी त्याच्या डोक्यावर बघत, मग ताटात.

"आज अठ्ठ्याण्णव," त्या समाधानाने म्हणत.

"गवारीने फरक पडला," वज्रबाहू म्हणे.

गवार कुंट्यांनी आणली होती. निवडलीही त्यांनीच होती. ते मान खाली घालून जेवत.

दुसऱ्या आठवड्यात कुंट्यांना ताप भरला. थर्मामीटर बघून त्यांनी तो मुद्दाम डायनिंग टेबलावर, दिसेल असा ठेवला.

"अहो, गोळी डब्यात आहे बघा, निळ्या झाकणाच्या," सुलभाबाई आतून म्हणाल्या. मग बाहेर येऊन त्या थबकल्या. "अरे, तुझी एकने उतरली! उन्हात उभा होतास का?"

"घड्या घालत होतो," वज्रबाहू म्हणाला.

कुंट्यांनी गोळी घेतली. पाणीही आपणच ओतून घेतलं. न्हाणीघरात जाऊन आरशात डोक्याच्या वर पाहिलं. तिथे ट्यूबलाइट होती, बाकी काही नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी विषय काढला. "तू त्याच्याकडे सारखी बघत असतेस."

"बघावं लागतं. टँक पडला की मागचे चारही पडतात. आधी टँक, मग हीलरने स्वतः, मग बाकीचे. हा क्रम चुकला की संपलं."

"आणि मी या क्रमात कुठे?"

सुलभाबाईंनी खरोखर विचार केला. "तुम्ही गटातच नाही ना," त्या म्हणाल्या. उत्तरात राग नव्हता, म्हणूनच ते कुंट्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेळाच्या कंपनीतून नाईकवडे म्हणून एका गृहस्थांचा फोन आला. ते रजा विभागात होते. वज्रबाहू रजेवर गेल्यापासून गटाचे दोन रविवार फुकट गेले आहेत, तरी बदली माणूस का दिला नाही, असं त्यांनी विचारलं.

"बदली माणूस कुठून आणायचा?" कुंट्यांनी विचारलं.

"नियम अकरा. रजेवरचा कर्मचारी ज्या घरी उतरला असेल, त्याच घरातला प्रौढ माणूस. अनुभवाची अट नाही. फक्त पुढे उभं राहता आलं पाहिजे."

"येतं मला," कुंटे म्हणाले, आणि ताप उतरायच्या आत त्यांनी सही केली.

रविवारी चारला पाच मिनिटं असताना ते कॉम्प्युटरसमोर उभे राहिले. वज्रबाहूने त्यांना ढालीचे पट्टे आवळून दिले. "उजवा पाय आधी," तो म्हणाला. "चष्मा इथेच ठेवा." कुंट्यांनी चष्मा ठेवला, उजवा पाय पडद्यात घातला, मग डावा, आणि ते किल्ल्याच्या पुलावर उतरले.

समोर दगडी गेंडा होता, साधारण दुमजली घराएवढा. मागे तिघं तयारीत उभे होते. त्यांतले तिरंदाज पाटोळे मास्तर वर्ध्याचे निवृत्त चित्रकला शिक्षक होते. त्यांनी हात जोडून नमस्कार केला. आणि पश्चिमेला, आभाळाच्या जागी, सुलभाबाईंचा चेहरा होता. तटबंदीच्या वर हनुवटी, ढगांच्या जागी कपाळ. एवढा मोठा आणि एवढा जवळ तो चेहरा कुंट्यांनी कधीच पाहिला नव्हता. आता ही आपल्याकडे बघणार, फक्त आपल्याकडे, या विचाराने त्यांना गेंड्याची भीतीसुद्धा वाटली नाही.

गेंडा आला. ढालीवर असा दणका बसला की कुंट्यांच्या दाढा हलल्या. लगेच अंगातून ऊबदार काहीतरी सरकलं आणि दुखणं थांबलं. तिने बरं केलं होतं. त्यांनी कृतज्ञतेने वर पाहिलं.

सुलभाबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या डावीकडे, पडद्याच्या कडेला बघत होत्या. तिथे पाच पट्ट्या एकाखाली एक लावलेल्या होत्या. तास-सव्वा तास लढाई चालली आणि तेवढ्या वेळात त्यांची नजर त्या पट्ट्यांवरून एकदाही हलली नाही.

बाहेर आल्यावर कुंट्यांनी ढाल सोफ्याला टेकवली. "तू माझ्याकडे बघतच नव्हतीस."

"पट्टीकडे बघत होते."

"माझ्याकडे नाही."

"अहो, माणसांकडे बघत बसलं तर माणसं मरतात. नवखे हीलर तेच करतात. लढाई बघत बसतात. मी या तीन वर्षांत तो गेंडा कसा दिसतो तेसुद्धा पाहिलेलं नाही."

म्हणजे वज्रबाहूकडेही तिने कधी पाहिलं नव्हतं. एखाद्याला याने बरं वाटलं असतं. कुंट्यांना आठवडाभर आपल्याच पट्टीचा मत्सर वाटत राहिला. त्यांनी विचार केला, तो प्रयोगशाळेतल्यासारखा पद्धतशीर केला: पट्टी बरी असते तेव्हा ती फक्त पट्टीकडे बघते. पट्टी फारच उतरली, तर कदाचित माणसाकडे बघेल.

पुढच्या रविवारी गेंडा धावून आला तेव्हा कुंट्यांनी ढाल वीतभर खाली घेतली.

पट्टी ऐंशीवरून एकतीसवर आली. ऊब आली, पण कमी आली. कुंट्यांनी ढाल आणखी खाली घेतली. बारा.

"अरे, ढाल वर घे! वर!" आभाळातून आवाज आला.

कुंटे पुलावर जागच्या जागी थांबले. ती 'अरे' म्हणाली होती. शिंगाचा पुढचा दणका त्यांनी बरगडीवर घेतला आणि त्यांना जवळजवळ हसू आलं. तेवढ्यात मागे काहीतरी धप्पकन पडलं. पाटोळे मास्तर पडले होते. गेंड्याची शेपटी त्यांना लागली होती आणि त्यांच्यासाठी ठेवलेली ऊर्जा सुलभाबाईंनी कुंट्यांवर खर्च करून टाकली होती.

लढाई हरली. बाहेर आल्यावर सुलभाबाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. वज्रबाहू घड्या घालायचा थांबला.

"मुद्दाम खाली घेतलीत ढाल," त्या म्हणाल्या. "आकड्यांत कळतं मला. पहिल्या वेळेला वाटलं, हात दुखला असेल. दुसऱ्या वेळेला कळलं."

"तू 'अरे' म्हणालीस."

"मी घाबरले होते! पाटोळे मास्तर पडले ते तुमच्यामुळे. आज त्यांची नात बघायला बसली होती शेजारी. तिच्यासमोर पडले."

कुंट्यांना याचं वाईट वाटलं. त्यांनी वर्ध्याला फोन करून मास्तरांची माफी मागितली. मास्तर म्हणाले, काही हरकत नाही, नातीने पडलेल्या आजोबांचं चित्र काढलंय, चांगलं जमलंय. पण मत्सर माफीने जात नाही. रविवार उजाडला तेव्हा तो कुंट्यांच्या पोटात जसाच्या तसा होता, आणि गेंडा शेवटच्या घटका मोजत असताना त्यांच्या हातून ढाल पुन्हा खाली गेली.

या वेळी ऊब आली नाही. सुलभाबाईंनी डावीकडे बघून हिशोब केला होता: गेंड्यात जेमतेम दोन टक्के जीव उरला आहे, बाकीचे तिघं निभावतील. हीलरला कधीकधी कोणाला सोडायचं हे ठरवावं लागतं. त्यांनी नवऱ्याला सोडलं. कुंटे पुलाच्या फरशीवर उताणे पडले. गेंडा पाठोपाठ कोसळला. तिघांनी जल्लोष केला आणि मग सगळे थांबले.

कारण पडलेल्या माणसाला उठवायचं असेल तर पट्टीवर काम भागत नाही. त्याची पट्टी राखाडी होऊन यादीतून जाते. प्रत्यक्ष त्या माणसावर नजर ठेवावी लागते आणि कळ आठ सेकंद दाबून धरावी लागते. मध्ये नजर हलली की पुन्हा पहिल्यापासून.

सुलभाबाईंचे डोळे डावीकडून सरकले आणि कुंट्यांवर येऊन थांबले.

पहिला सेकंद कुंट्यांना खरं वाटेना. दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला त्यांच्या लक्षात आलं की तिने चष्म्याची फ्रेम बदलली आहे. कधी बदलली होती कोण जाणे. डाव्या भुवईत दोन पांढरे केस होते, तेही त्यांना नवीन होते. ती चिडलेली होती. पाचव्या सेकंदाला तितकी चिडलेली राहिली नव्हती. सहा. सात. ओठ मिटून, श्वास धरून, ती बघत होती. आठ झाले आणि कुंट्यांना उठून बसावं लागलं.

सोमवारी चहाच्या वेळी त्यांनी सरळच मागणी केली. "मला ते आठ सेकंद हवेत. ढाल मी नीट धरीन. वचन देतो."

सुलभाबाईंनी बशीत चहा ओतला. "उठवायला माझी निम्मी ऊर्जा जाते."

"मग?"

"मग लढाईच्या मध्ये नाही. गेंडा मेल्यावर. आठवड्यातून एकदा."

"पण तेव्हा मला मारणार कोण?"

"पुलावरून उडी मारा. फार उंच नाहीये तो."

तेवढं ठरलं. सुलभाबाईंनी गटाला तसं कळवलं आणि कोणाची हरकत आली नाही. पाटोळे मास्तर म्हणाले, तेवढ्यात आम्ही बाण गोळा करू.

वज्रबाहू दारात टॉवेलची घडी घालत ऐकत होता. रजेचे तीस दिवस संपले होते. दुपारी नाईकवडे स्वतः हजर झाले, चार्ज कोणाकडे द्यायचा ते विचारायला. वज्रबाहूने चिलखत पुसून ठेवलं होतं, पण तो जागचा हलला नाही.

"वैद्यबाई, तीन वर्षांत मी कितीदा पडलो?" त्याने विचारलं.

"एकदाही नाही," सुलभाबाई अभिमानाने म्हणाल्या. "तुझ्यासारखा टँक मिळायला नशीब लागतं."

"एकदाही नाही," तो म्हणाला. त्याने कुंट्यांकडे पाहिलं. ती नजर कुंट्यांनी लगेच ओळखली. महिनाभर ती त्यांचीच होती. वज्रबाहूच्या डोक्यावरचा आकडा शंभरवरून शहाण्णववर आला. सुलभाबाई नाईकवड्यांसाठी चहा ठेवायला वळल्या होत्या, त्यामुळे तो फक्त कुंट्यांनी पाहिला.

वज्रबाहूने मुदतवाढीचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असं लिहिलं. नाईकवड्यांनी तो जागेवरच मंजूर केला आणि कुंट्यांना पुढील आदेश होईपर्यंत कायम केलं.

आता दर रविवारी सव्वापाचच्या सुमाराला गेंडा पडतो. तिघं बाण गोळा करायला जातात. कुंटे ढाल कठड्याला नीट टेकवून ठेवतात, खाली खंदकात बघतात आणि उडी मारतात. घरात वज्रबाहू सुलभाबाईंच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभा असतो आणि सेकंद मोजतो. नियमाप्रमाणे आठ पुरतात. सुलभाबाई अकरा लावतात. कंपनीने याची नोंद घेतली असून अद्याप काही कळवलेलं नाही.