बायकोच्या पतंगाचा मदतनीस

आमच्या घरात भांडण झालं की अबोला धरायची पद्धत आहे. (लोक भांडी आपटतात. आम्ही सुसंस्कृत आहोत.) यावेळी मी एवढंच ठरवलं, की काही झालं तरी आधी मी बोलणार नाही. एवढ्याशा निश्चयाचं पुढे जे झालं, ते अख्ख्या किनाऱ्यानं पाहिलं.

कारण क्षुल्लक होतं. पन्नाशीला टेकलेल्या बायकोनं काइटबोर्डिंगचा क्लास लावला. म्हणजे पायाखाली फळी, हातात खोलीएवढा पतंग आणि वारा नेईल तसं समुद्रात पळायचं. मेहुणी आणि साडू जेवायला आले होते, तेव्हा मी म्हणालो, "हिला उचलायला साधा वारा पुरायचा नाही, वादळ मागवावं लागेल." साडू ठसका लागेपर्यंत हसले. बायको पाणी आणायला उठली आणि तेव्हापासून माझ्याशी बोलायची बंद झाली.

महिना होत आला, घरचा कारभार मुलीमार्फत चालला होता.

"बाबांना सांग, रविवारी माझी परीक्षा आहे. पास झाले तरच मला एकटीला पाण्यात सोडतील."

"आईला सांग, शुभेच्छा."

"बाबांना सांग, शुभेच्छा नकोत. पतंग सोडायला आणि उतरवून घ्यायला किनाऱ्यावर एक माणूस लागतो. तसा नियम आहे."

"आईला सांग, तुला घेऊन जा म्हणावं."

"माझा सोमवारी पेपर आहे," मुलगी म्हणाली. "आणि तुम्ही दोघं एकाच टेबलाशी बसला आहात, हे तुम्हाला कुणीतरी सांगा."

तर रविवारी मदतनीस म्हणून मी गेलो. शिकवणारा पोरगा पंचविशीचा असेल. बायको त्याची 'मॅडम' आणि मी 'काका'! इथेच माझं डोकं तापलं.

"काका, नियम वाचून खाली सही करा."

मी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसतो. 'न वाचता सही कशाला केलीत?' असं मी रोज कुणाला ना कुणाला सुनावतो. मी न वाचता सही केली.

पोरगा बोलत होता, मी सावली शोधत होतो. पोहणाऱ्यांपासून लांब राहायचं. पाण्यात उतरणाऱ्याला आधी वाट द्यायची. दोऱ्या वाळूत पसरून ठेवायच्या नाहीत, पोरं अडकतात. "आणि काका, हाताच्या खुणा मॅडमशी बोलून पक्क्या करून घ्या."

बोलून! घोडं तिथेच तर पेंड खात होतं. मी समुद्राकडे पाहून मान हलवली, तिनं पार्किंगकडे पाहून.

तिनं अंगठा वर केला, मी पतंग सोडला. (इतपत मलाही कळतं.) पतंग सरसरत वर गेला आणि बायको लाटांवरून निघाली. समोरून तसाच पतंग धरून एक दांडगा गडी आला, तर तिनं पतंग अलगद उंच घेऊन त्याला खालून वाट दिली. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, तिला झकास जमत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप.

थोड्या वेळानं ती काठाशी आली, वाळूवर ठाम उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं आणि तळहातानं आपल्या डोक्यावर दोनदा थोपटलं.

म्हणजे माझं डोकं फिरलंय! महिनाभर एक शब्द नाही, आणि आता चारचौघांत हे? मीही माझ्या डोक्यावर हात आपटला, चांगला जोरात. तुझंच फिरलंय! आणि पाठ फिरवून खुर्चीकडे चालू लागलो.

त्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं म्हणे. डोक्यावर थोपटणं म्हणजे 'पतंग उतरवतेय, धरा.' समोरच्यानं तसंच थोपटलं, तर 'धरतो, आण.'

तिनं विश्वासानं आणला. मी तिथे नव्हतो. पतंग वाळूवर आपटला, पुन्हा वाऱ्यानं भरला, एका कुटुंबाची छत्री आणि दोन खुर्च्या घेऊन सुटला, मागोमाग पोटावर फरफटत बायको. शेवटी तिनं सुटकेची कळ ओढली आणि तो सगळा पसारा माझ्या अंगावर येऊन निपचित पडला. मी आतून चाचपडत बाहेर आलो, तेव्हा सगळे हसत होते. बायको सोडून.

"काका, हो म्हणून पाठ कशाला फिरवलीत?" पोरगा ओरडला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "सॉरी मॅडम. चूक तुमची नाही, पण पतंग लोकांत गेला की नापासच करावं लागतं."

तिचं कोपर सोलपटलं होतं. माझा निश्चय गळून पडला.

"लागलं का गं?"

तिनं दातांतली वाळू थुंकली आणि पोराला म्हणाली, "त्यांना सांग, आज नाही लागलं. त्या दिवशी साडूंसमोर लागलं होतं."

पोरानं मला सांगितलं. शब्द न् शब्द.

पुढच्या रविवारी ती पास झाली. ज्यांना मदतनीस मिळत नाही, त्यांना नियमात सूट आहे; त्यांच्यासाठी किनाऱ्यावर एक लोखंडी खुंटा पुरलेला आहे. त्याला पट्टा अडकवायचा, की पतंग एकट्यानं सोडता येतो आणि उतरवताही येतो. उतरवून झाल्यावर खुंट्याला टेकून ती दम खात होती. मी जवळ गेलो, तेव्हा ती माझ्याशी बोलली. महिन्याभरानं, थेट.

"बघा. जागचा हलत नाही, पाठ फिरवत नाही आणि पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही."

आता दर रविवारी मीही जातो. येणारा-जाणारा त्या खुंट्याला अडखळून पडू नये म्हणून शेजारी एक माणूस उभा करावा, असाही नियम आहे.