डावी फळी, उजवी फळी

परीक्षेच्या आदल्या दिवशी बायकोला जरा आराम मिळावा म्हणून गोदामपालाने स्वयंपाकघर आवरलं, आणि घरात आभाळ कोसळलं.

बायको शर्टांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. बारा वर्षं मशीनवर काढल्यावर तिला सुपरवायझर व्हायचं होतं, आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा होती. दोनदा दांडी उडाली होती; तिसऱ्यांदा उडाली की संधी कायमची संपली. बाकी सगळं जमायचं, पण एका क्रियापदापाठोपाठ दुसरं आलं की गाडी अडायची. 'एन्जॉय'च्या पुढे आयएनजीवालं लागतं, 'डिसाइड'च्या पुढे टूवालं. का? तर त्यांची मर्जी! शेवटी तिने कारखान्याची रीत घरी आणली. तिथे डाव्या बाह्या डावीकडे, उजव्या उजवीकडे. हात आपोआप जातो. तशा आयएनजीवाल्यांच्या चिठ्ठ्या डाव्या फळीवरच्या बरण्यांना चिकटवल्या, टूवाल्यांच्या उजव्या फळीवरच्या. महिनाभर मीठ काढताना 'एन्जॉय', साखर काढताना 'डिसाइड' असा घोष चालला होता. सासूबाई पार वैतागल्या होत्या.

"मेलं चिमूटभर मीठ घ्यायलासुद्धा इंग्रजांची परवानगी!"

आणि आता नवऱ्याने गोदामाच्या शिस्तीत सगळ्या बरण्या उंचीप्रमाणे लावून टाकल्या होत्या. चिठ्ठ्या बरण्यांवर तशाच, बरण्या मात्र इकडच्या तिकडे.

"अहो, हे काय करून ठेवलंत!" ती मटकन खाली बसली.

"का? चकाचक झालंय की."

"माझी परीक्षा पुसलीत तुम्ही! आता कुठली डावी आणि कुठली उजवी?"

"पुस्तकात बघ ना."

"पुस्तकं कारखान्याने आजच जमा करून घेतली!"

त्याचं तोंड एवढंसं झालं. बिचारा अंदाजाने बरण्या हलवू लागला, तशी तिला रडूच फुटलं.

सासूबाईंनी चिरायची भाजी बाजूला ठेवली. "सरक तिकडे," त्या लेकाला म्हणाल्या. "मोठा आलाय आवरणारा! मीठ, एन्जॉय, डावीकडे. चहा, अव्हॉइड, त्याच्या शेजारी. साखर, डिसाइड, उजवीकडे. तांदूळ, होप, उजवीकडेच, पण मागे. अरे, तेल कुठे नेतोस? ते प्रॉमिस आहे, ठेव इथे!"

चिठ्ठ्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पाच मिनिटांत वीसच्या वीस बरण्या जागेवर.

"आई, तुला इंग्रजी येतं?" लेकाने आ वासला.

"इंग्रजी कुठलं रे? मला माझं स्वयंपाकघर येतं."

मग दोघी समोरासमोर बसल्या. सासूबाई बरणी सांगायच्या, सून डोळे मिटून डावा की उजवा हात दाखवायची. चुकली की हातावर चापट. त्या चापटा खाताना तिला पहिल्यांदाच वाटलं, जमेल आपल्याला.

आठवड्याने कारखान्यातून फोन आला. लेकाच्या आधी सासूबाईंनीच तो उचलला.

"आई, पास झाले मी!" सून पलीकडून ओरडली.

"एकटीच?" सासूबाई म्हणाल्या. "आणि मी काय नापास?"