डेट्रॉइटच्या बेकारीवर निशी-कसाईत परिसंवाद

पूर्व टोकियो मराठी मित्रमंडळाने यंदाच्या जाहीर परिसंवादासाठी 'डेट्रॉइट शहरातील आर्थिक विपन्नता आणि आपली भूमिका' हा विषय एकमताने मुक्रर केला. एकमत झालं, कारण कार्यकारिणीतल्या एकाही सदस्याचं डेट्रॉइटमध्ये कोणी नव्हतं. न्यू जर्सी घ्यावं तर निम्म्या मंडळाचे मेहुणे तिथे, आणि कॅलिफोर्निया घ्यावं तर उरलेल्या निम्म्यांचे. मेहुण्याच्या गावातल्या दारिद्र्यावर माईक घेऊन बोलणं बरं दिसलं नसतं.

विषयांच्या बाबतीत मंडळाचे हात पूर्वी पोळले होते. 'पुण्याचा पाणीप्रश्न' घेतला तेव्हा कोथरूडची दोन कुटुंबं वानवडीच्या तिघांशी बोलेनाशी झाली. पुढच्या वर्षी 'येनची घसरण' घेतली, तर ज्यांचा पगार डॉलरमध्ये होता ते मंद हसत बसले आणि ज्यांचा येनमध्ये होता ते सामोसे न खाताच उठून गेले. तेव्हापासून विषय समितीने दंडक घातला, की चर्चेला घ्यायचं दुःख सभासदांपासून निदान एका महासागराच्या अंतरावर असावं. डेट्रॉइट या कसोटीला पुरेपूर उतरत होतं.

त्याच आठवड्यात अंबरीषची नोकरी गेली.

अंबरीष टोकियोतल्याच ओजिमा भागातल्या सरकारी वसाहतीत बायको अक्षया आणि मुलगी ईश्वरी यांच्यासह राहत होता. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा त्याचा धंदा. मंडळात तो खुर्च्या मांडायच्या समितीवर होता, आणि खुर्च्या तो इतक्या सरळ रेषेत मांडायचा की जपानी लोकही थबकून पाहत. त्याचे साहेब इशिदा-सान यांनी त्याला एका लहान खोलीत बोलावलं, चहा मागवला आणि कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवणं 'थोडं अवघड' असल्याचं सांगून कमरेत वाकले. वाकले ते वर येईचनात. शेवटी अंबरीषलाच राहवलं नाही. "इशिदा-सान, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ," असं म्हणून त्याने त्यांना सावरलं, पाणी दिलं आणि लिफ्टपर्यंत सोडून आला. नोकरी आपली गेली आहे हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो स्टेशनावर पोहोचला होता.

आता तीन महिन्यांत दुसरं काम मिळालं नाही तर व्हिसावर गंडांतर. व्हिसा गेला की घर गेलं, शाळा गेली आणि ईश्वरीला उचलून पुण्याच्या एखाद्या पाचवीत नेऊन बसवायचं. ईश्वरी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायची आणि रागावली की इंग्रजीत.

"मंडळात सांगून टाक," अक्षया म्हणाली. "शंभर माणसं आहेत. त्यातली अर्धी कुठे ना कुठे मॅनेजर आहेत. कोणाला तरी माहीत असेल."

तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं. अंबरीषची चूक एवढीच झाली, की तो रीतसर अध्यक्षांकडे गेला.

अध्यक्ष दिगंबरराव एका बँकेच्या टोकियो शाखेत आले होते ते इथेच निवृत्त झाले. त्यांनी अंबरीषचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि मनापासून हळहळले. मग म्हणाले, "तुझी काय अपेक्षा आहे?"

"परिसंवादाला सगळे येणारच आहेत. शेवटी पाच मिनिटं मला बोलू द्या. कोणाकडे टेस्टिंगची ओपनिंग असेल तर..."

"डेट्रॉइटच्या व्यासपीठावर ओजिमाची बेकारी?" दिगंबरराव गंभीर झाले. "बघतो. समितीपुढे ठेवतो. तोवर तू परस्पर कोणाशी बोलू नकोस. आपल्याकडे नेमावाशी झाल्याशिवाय काही होत नाही, तुला ठाऊक आहे."

जपानी कचेऱ्यांत सभेच्या आधी प्रत्येकाला वेगवेगळं गाठून त्याचा होकार मिळवून ठेवतात, म्हणजे प्रत्यक्ष सभेत कोणाला विचार करावा लागत नाही. यालाच नेमावाशी म्हणायचं. मराठी माणसाच्या वाद घालायच्या खोडीवर मंडळाने हा उतारा शोधला होता, आणि तो इतका लागू पडला होता की गेली दोन वर्षं मंडळात मतभेद असे झालेच नव्हते. प्रत्येक सभासदाला आधी फोन यायचा, त्यात त्याचं मत त्याला कळवलं जायचं, आणि सभेत तो ते मांडायचा.

समितीने अंबरीषचं प्रकरण सहानुभूतीपूर्वक तपासलं. त्याची बेकारी 'स्थानिक व वैयक्तिक' या सदरात मोडत असल्याने ती जाहीर कार्यक्रमात घेता येत नव्हती. शिवाय सभागृहाचं आरक्षण ज्या विषयासाठी केलं, त्याखेरीज दुसऱ्या विषयावर तिथे बोललं तर सभागृहाचे व्यवस्थापक मोरिता-सान दुखावतात. एकदा व्याख्यानाच्या मध्येच एका सभासदाने मुलगा झाल्याचे पेढे वाटले, तेव्हा मोरिता-सान काही बोलले नाहीत, नुसते दाराशी उभे राहिले होते, आणि ते मंडळाला फार लागलं होतं.

मात्र समिती काही निर्दय नव्हती. कार्यवाह कौमुदी यांनीच तोडगा काढला. "आपल्याकडे दोन्ही बाजूंचे वक्ते आहेत, पण प्रत्यक्ष बेकार माणूसच नाही. डेट्रॉइटहून आणणं परवडणार नाही. अंबरीषनेच तो करावा. त्याला हवं ते सगळं बोलू दे, फक्त गाव डेट्रॉइट."

"आणि नाव रॉबर्ट," दिगंबरराव म्हणाले. "म्हणजे त्याची गोपनीयताही राहील."

अंबरीषने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा अक्षया भाजी चिरत होती. "मराठी माणसाकडे काम मागायचं तर आधी डेट्रॉइटला जन्माला यायला हवं, असं दिसतंय," ती म्हणाली. पण दुसरा मार्ग तिलाही सुचेना. निदान ऐकतील तरी, असं दोघांनी एकमेकांना सांगितलं.

भाषण अंबरीषने एका बैठकीत लिहिलं. कौमुदीताईंनी ते तपासायला घेतलं. व्हिसाचा परिच्छेद त्यांनी आधी काढला, कारण अमेरिकन माणसाला अमेरिकेत व्हिसा लागत नाही.

"पण ताई, खरी अडचण तीच आहे."

"तुझी. रॉबर्टची नाही. आपण रॉबर्टशी प्रामाणिक राहायला हवं." मग त्यांनी घरभाड्याची हमी, भाषेची परीक्षा आणि गावी आईला अजून काही सांगितलं नाही हे सगळं छाटलं. मुलगी जपानीत उत्तर देते, तिथे त्यांनी इंग्रजीत असं केलं. ते वाचून त्या थांबल्या. "पण मग यात वाईट काय आहे?" असं म्हणून तेही वाक्य उडवलं. जागा भरून काढायला त्यांनी रॉबर्टला थोडी दारू लावली.

नंतर नेमावाशी सुरू झाली. कौमुदीताईंनी स्वतः फोन फिरवले. परिसंवादात एक बेकार माणूस दिसेल, तो आपला अंबरीषच आहे, ते निव्वळ सोंग आहे, कोणी मनाला लावून घेऊ नये, आणि शेवटी टाळ्या भरघोस द्याव्यात. शंभरच्या शंभर सभासदांनी होकार दिला. अंबरीषची नोकरी खरोखर गेली आहे हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण गोपनीयतेचा शब्द दिलेला होता.

दोन महिन्यांनी, परिसंवादाच्या दिवशी, पूर्व टोकियोतल्या निशी-कसाईचं सभागृह भरून गेलं. खुर्च्या अर्थात अंबरीषनेच मांडल्या. पहिले वक्ते लक्ष्मण खास नागोयाहून आले होते. ते मोटारींच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत इंजिनियर होते. "जपानी गाड्या चांगल्या निघाल्या म्हणून डेट्रॉइटची पंचाईत झाली," ते म्हणाले. "या दुःखात माझाही खारीचा वाटा आहे, हे सांगताना मला अभिमान वाटतो." सभागृहाने टाळ्या वाजवल्या. प्रतिपक्षाच्या वक्त्यांनी दोष व्यवस्थेचा आहे असं ठासून सांगितलं, कोणत्या व्यवस्थेचा ते वेळेअभावी राहिलं.

मग रॉबर्ट उभा राहिला. अंबरीषने नोकरी गेल्याचा दिवस सांगितला, साहेबाला पाणी दिल्याचं सांगितलं, सकाळी उठून कुठे जायचं नाही म्हणजे काय होतं ते सांगितलं. मुलीच्या शाळेत सहलीची तारीख कळवली गेली आणि त्या तारखेला आपण इथे असू की नाही हेच आईबापांना ठाऊक नव्हतं, हेही सांगितलं. दारूचा भाग तो विसरला. बायका डोळे टिपू लागल्या. पहिल्या रांगेतल्या एका बँक मॅनेजरांना हुंदका आवरेना, ते बाहेर जाऊन आले.

चर्चेत प्रश्न सुरू झाले. एका तरुण सभासदाने विचारलं, "रॉबर्ट, चांगले दिवस होते तेव्हा तू नवीन स्किल्स का नाही घेतलीस?" मागून एक बाई म्हणाल्या, "या लोकांना शिस्तच नसते. आपली मुलं बघा." तिसऱ्याने विचारलं, "तू अर्ज किती केलेस? मनापासून केलेस का?"

अंबरीषने सभागृहाच्या मागे पाहिलं, मोरिता-सान दाराशी उभे होते. आता नाही बोललो तर कधीच नाही, असं त्याला वाटलं.

"हे बघा," तो म्हणाला, "रॉबर्ट वगैरे कोणी नाही. मी अंबरीष. ओजिमाला राहतो. हे सगळं माझं आहे. माझं कॉन्ट्रॅक्ट गेलंय, व्हिसाला थोडेच दिवस राहिलेत. मला काम हवं आहे. टेस्टिंगचं, सपोर्टचं, काहीही. कोणाकडे असेल तर कृपा करून सांगा."

अंबरीषने दिगंबररावांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. दिगंबरराव उठले. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "मित्रहो," ते म्हणाले, "दूरचं दुःख आपल्या दारात आणून उभं करायचं, याला कला म्हणतात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ठरल्याप्रमाणे भरघोस झाला, आणि ठरल्यापेक्षा जास्त वेळ चालला. सगळे उभे राहिले. डेट्रॉइटच्या बेकारांना पाठिंबा देणारा ठराव त्याच भरात मंजूर झाला. अंबरीषला शाल आणि भारतीय दुकानातून आणलेला नारळ देण्यात आला. शेवटच्या रांगेत अक्षया तेवढी बसून होती. शेजारच्या बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "घरी पण असेच करतात का हो?"

चहाच्या वेळी पुष्कर गर्दीतून वाट काढत आला. तो एका ट्रेडिंग कंपनीत आयटी विभागाचा प्रमुख होता. त्याने अंबरीषचे दोन्ही हात धरले.

"काय काम केलंत हो. अजून अंगावर काटा आहे. आणि खरं सांगू, मला आतून अपराधी वाटलं. आमच्याकडे टेस्टिंगची एक पोझिशन दोन महिने पडून आहे. जपानी येणारा, इंडियन टीमशी बोलणारा माणूसच मिळत नाही. तुमच्या ओळखीत आहे कोणी?"

"मी आहे ना," अंबरीष म्हणाला. "पुष्कर, मीच आहे. मी खरंच सांगतोय."

पुष्कर पोट धरून हसला. हसता हसता त्याने डोळे पुसले. "बास करा आता, बास. भूमिकेतून बाहेर या," तो म्हणाला. "नाही, पण सिरियसली. खरा माणूस असेल तर सांगा."

अंबरीषने त्याला दुसऱ्या दिवशी फोन केला. पुष्करने तो लाऊडस्पीकरवर ठेवून घरच्यांना ऐकवला. तिसऱ्या दिवशी अंबरीषने दिगंबररावांना मध्यस्थी करायची विनंती केली. त्यांनी ती समितीपुढे ठेवली. समितीची बैठक पुढच्या महिन्यात होती.

व्हिसाची मुदत काही पुढच्या महिन्यासाठी थांबली नाही. कुटुंब पुण्याला परत जायला निघालं तेव्हा मंडळाने छोटेखानी निरोप समारंभ केला. अंबरीष मोठ्या संधीसाठी मायदेशी जात आहे असं सर्वांना आधीच फोनवरून कळवलेलं होतं, त्यामुळे सगळे आनंदात होते. ईश्वरी जपानीत काहीतरी बोलली आणि आईच्या कुशीत तोंड लपवून रडली. ती काय बोलली हे तिथे प्रत्येकाला कळलं होतं, पण चहा निवत चालला होता.

तुम्हीही इथवर वाचताना अंबरीषसाठी हळहळला असाल. हळहळा, काही हरकत नाही, तो टोकियोचा. तुमच्या मजल्यावरचा तो शेजारी हल्ली भर दुपारी जिन्यात दिसतो, तुम्हाला पाहून काहीतरी बोलायला थांबतो आणि तुम्ही घाईत असता, त्याची गोष्ट वेगळी. त्याला बहुधा सुट्टी असेल.