दातारकाकांचा भांग

तुम्ही केसांचा भांग कोणत्या बाजूला पाडता? हा प्रश्न कतारमधल्या आमच्या अल अझीझिया भागातल्या इमारतीत तुम्ही गेल्या महिन्यात दातारकाकांना विचारला असतात, तर ते दबक्या आवाजात ओरडले असते, "शब्द जपून! रेकॉर्डवर येतं!"

नाशिकचे दातारकाका मेसईदच्या खत कारखान्यात इंजिनियर. तिथलं कंत्राट संपत आलं आणि बंदराच्या कंट्रोल रूममधली जागा चालून आली. अट एकच, सरकारी सुरक्षा मंजुरी. मिळाली तर कतारमध्ये राहायचं, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मुलाखतीत 'कधी अमली पदार्थ घेतलेत का?' असं विचारतात हे कळलं, आणि काकांनी 'भांग' हा शब्दच सोडला. केस सरळ मागे फिरवले. खसखस म्हणजे अफूचं बी, म्हणून दिवाळीत माझ्या आईने दिलेला अनारसाही चष्मा लावून, उलटा करून तपासला.

"भाऊजी, खसखस इथं मिळते तरी का? तीळ लावलेत," आई म्हणाली.

"तिळाचा काय भरवसा, वहिनी?"

सलूनमध्ये तर कहर झाला. सलूनवाल्याने सहज विचारलं, "साब, माँग किधर निकालूँ?" काकांना 'भांग' ऐकू आलं. गळ्यातल्या कापडासकट ते खुर्चीतून उठले. "मेरे पास कुछ नहीं है! तलाशी लो!"

या भीतीला कारण होतं. लग्नानंतरच्या पहिल्या महाशिवरात्रीला सासुरवाडीत काका भांग प्यायले होते. आयुष्यात एकदाच.

"सरळ नो म्हणा. तो तर प्रसाद!" सगळ्या इमारतीने सल्ला दिला. माझं डोकं फिरलं. प्रसाद असेल तर लपवायचा कशाला? आणि लपवायचा असेल तर त्याला प्रसाद कशाला म्हणायचं? मुलांना खरं बोलायला शिकवणारी हीच माणसं! पण काकांनीही मान डोलावली. "नो म्हणतो. खलास."

मुलाखतीहून काका परतले. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो.

"काय म्हणालात, काका?"

"येस."

"येस? नो म्हणायचं ठरलं होतं ना?" मी विचारलं.

"अरे, लग्न झाल्यावर ही माझ्याशी धड बोलतच नव्हती. लाजायची. त्या दुपारी दोघंही भांग प्यायलो, आणि ही माझ्या डोक्याकडे बघून हसत सुटली. 'अहो, तुमचा भांग वाकडा!' हे तिचं माझ्याशी पहिलं मोकळं वाक्य. आज नो म्हणायला तोंड उघडलं आणि वाटलं, नो म्हटलं तर ती दुपार झालीच नाही."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आता काकांना 'अहो' म्हणणारं कोणी नाही.

"आणि मंजुरी?"

"कळवतो म्हणाले. इन्शाल्ला."

मंजुरी अजून आलेली नाही. इमारतीतले लोक काकांना टाळतात, जणू येस म्हणणं हाच गुन्हा. काका मात्र आता रोज भांग पाडतात, मुद्दाम वाकडा. तुम्हाला ते लिफ्टमध्ये भेटले तर मोबाइलमध्ये डोकं खुपसू नका. त्यांच्याकडे बघा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, "अहो काका, तुमचा भांग वाकडा!"