तक्रार अटेंड झाली

देशाच्या उत्पन्नात सेवा क्षेत्राचा वाटा निम्म्याहून अधिक आहे, हे आमच्या इंदिरानगरातल्या सोसायटीला मंगळवारी सकाळी साक्षात पटलं. त्या दिवशी लिफ्ट बंद पडली आणि फिरायला उतरलेले चौथ्या मजल्यावरचे चिंतामणराव खालीच अडकले. वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे संपावर. मी सोसायटीचा सचिव; लिफ्टच्या कंपनीकडे रीतसर तक्रार नोंदवली.

सेवा तत्पर होती. तासाभरात एका मुलीनं फोनवर क्षमा मागितली. अकराला एकजण येऊन बंद लिफ्टचा फोटो काढून गेला. बाराला दुसरा आला. पहिला खरोखर आला होता का, हे त्याला तपासायचं होतं. लगेच मेसेज आला : ‘आपली तक्रार अटेंड झाली आहे.’

“अटेंड म्हणजे?” पार्किंगमधल्या खुर्चीतून चिंतामणरावांनी विचारलं. उभा जन्म अंबडच्या कारखान्यात फिटर, त्यामुळे शब्दांची जाण बेताचीच.

“म्हणजे लक्ष दिलं गेलं.”

“लक्ष तर मीही सकाळपासून देतोय. पाना कोण लावणार?”

मी कंपनीला विचारलं. एकशे दहा माणसं, त्यांत फिटर एकच, भिमाजी. ते मार्चमध्ये निवृत्त झाले. जागेची जाहिरात दिली, तर सगळे अर्ज मॅनेजरकीसाठी आले.

“मी खालून फोनवर सांगतो,” चिंतामणराव म्हणाले, “कोणीतरी गच्चीवर लिफ्टच्या मशीनपाशी जाऊन पाना धरा.”

मी इमारतीतली तरुण मंडळी गोळा केली. वेदिका प्रेझेंटेशनं करते. अमित सल्लागार आहे. पान्याबाबत सल्ला द्यायला तो तयार होता. मात्र चिंतामणरावांची कुणी आबाळ केली नाही. मोबाइलवरून दहा मिनिटांत चहा आला, वीस मिनिटांत उशी.

पाचला त्याच मुलीचा फोन आला. “सर, सेवेला किती स्टार? पाचपेक्षा कमी मिळाले तर मला बोलणी बसतात.”

माझा मुलगा आल्हादही बंगळुरूत हेच काम करतो. दहावीनंतर आयटीआयला जायचं म्हणत होता; मीच ओरडलो होतो, हात काळे करायला वाढवलं का तुला? मी निमूटपणे पाच स्टार दिले. तक्रार बंद झाली. चिंतामणराव अजून पार्किंगमध्येच आहेत, आणि त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटते.

वाचकहो, तुम्ही खुशाल हसा. फक्त एवढं सांगा, तुमच्या मुलीला फिटरचं स्थळ चालेल का?